लाल वर्तुळातलं टक्कल

विक्रोळीच्या कन्नमवारनगरात दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या जागेत सिमेंटचं एक बाकडं आहे. कुठल्याशा नगरसेवकाच्या निधीतून ते बसवलं, तेव्हा त्याच्या पाठीवर नगरसेवकाचं नाव आणि पक्षाचं चिन्ह रंगवलेलं होतं. लोकांनी टेकून टेकून दोन्ही पुसून टाकलं. आता ते बाकडं कुठल्याच पक्षाचं राहिलेलं नाही. त्यावर रोज संध्याकाळी बसणाऱ्या दोघांबद्दल मात्र तसं म्हणता येणार नाही.

डाव्या टोकाला गुणाजी बसायचा. मूळचा कणकवलीकडचा. वडील गिरणीत होते, तो स्वतः इथल्याच एका कारखान्यातून निवृत्त झालेला. उजव्या टोकाला शिवदास. त्याचे वडील जालन्याकडून मुंबईत आले आणि हा टेलिफोन खात्यात लागला. ही डावी-उजवी बाजू राजकारणातली नव्हती. गुणाजीला डाव्या कानाने कमी ऐकू यायचं, एवढंच.

राजकारण होतं ते दोघांच्या खिशात. गुणाजीच्या फोनमध्ये नंदकिशोर. हा गृहस्थ टेबलावर मूठ आपटून बोलायचा आणि सरकारचं काहीही चुकत नाही हे रोज नव्याने सिद्ध करायचा. सुरुवातीलाच सांगायचा, "मित्रांनो, हा व्हिडिओ काढून टाकायच्या आत बघून घ्या." तो व्हिडिओ वर्षभर तिथेच असायचा. शिवदासच्या फोनमध्ये सुलक्षणाताई. त्यांच्यामागे पुस्तकांचं कपाट आणि आवाज असा, की जणू शेजारच्या खोलीत कुणी आजारी आहे. सरकारचं काहीही बरोबर नसतं हे त्या रोज सिद्ध करायच्या, आणि शेवटी चष्मा काढून म्हणायच्या, "मी फक्त प्रश्न विचारते आहे."

दोघांनी एक नियम घालून घेतला होता. दुसऱ्याच्या फोनमध्ये डोकवायचं नाही. तोंडी सांगितलेलं ऐकून घेईन, पण त्याचं थोबाड मला दाखवू नकोस. त्यामुळे रोज संध्याकाळी नंदकिशोर गुणाजीच्या तोंडून बोलायचा, सुलक्षणाताई शिवदासच्या, आणि भांडून घसा सुकला की दोघं उठून कटिंग प्यायला जायचे. कैक वर्षं हे बिनबोभाट चाललं होतं.

बुद्धपौर्णिमा तोंडावर आली होती तेव्हाची गोष्ट. संध्याकाळ झाली तरी बाकड्याचं सिमेंट तापलेलं होतं. दोघं रुमाल अंथरून बसले.

"आज नंदकिशोरने काय दाखवलंय," गुणाजीने सुरुवात केली. "लोकं रस्त्यावर उतरलीत. सरकारच्या बाजूने. सगळी पांढऱ्या कपड्यांत, एका रांगेत. धक्काबुक्की नाही, काही नाही. याला म्हणतात शिस्त."

"कुठे उतरलीत?"

"राज्यातल्या एका शहरात."

"शहराला नाव नाही?"

"सुरक्षेच्या कारणासाठी सांगितलं नाही त्याने."

"मग टेम्पोत भरून आणलेली असतील," शिवदास म्हणाला. "एक वेळचं खायला घातलं की येतात असली माणसं. पांढरे कपडे पण तिथेच वाटतात."

"तुझी बाई काय म्हणते आज? रडली असेल."

"रडण्यासारखंच आहे. माणसं रांगेत उभी आहेत, गुण्या. हातात वाट्या. डावभर अन्नासाठी. म्हातारी माणसं, बाया. अंगावर रंग उडालेले कपडे. ही तुझ्या सरकारची कमाई."

"वाट्या घेऊन उभी राहतात ती उपाशी नसतात, शिवा. फुकटी असतात. कुठे काय वाटतायत म्हटलं की डबे घेऊन पळत सुटतात. सवय लागलीय."

शिवदासने आधी खालच्या रुमालाचं टोक सरळ केलं. एरवी त्याचं उत्तर गुणाजीचं वाक्य संपायच्या आत तयार असायचं.

"पौर्णिमेला आपल्या विहारापुढे पण रांग लागते," तो सावकाश म्हणाला. "वाट्या घेऊनच."

इथे गुणाजीला थांबता आलं असतं. ते वेगळं रे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. पण भांडणाच्या भरात माणसाची जीभ ब्रेक नसलेल्या सायकलसारखी असते. उतार संपेपर्यंत थांबत नाही.

"मग त्यातले पण असतील थोडे," तो म्हणाला.

शिवदास उठला. रुमाल झटकला, त्याची नीट चौकोनी घडी घातली.

"मग या वर्षी तू ढवळायला येऊ नकोस," तो म्हणाला. "फुकट्यांची खीर आहे ती. आमची आम्ही ढवळू."

आणि कटिंग न पिता घरी गेला.

ही खीर म्हणजे काय ते सांगायला हवं. बुद्धपौर्णिमेला सकाळी विहारात वंदना झाली की बाहेर मांडव घालून खीर वाटतात. ज्याला यायचं त्याने यावं, कोण कुठला विचारायचं नाही. फार वर्षांपूर्वी एकदा ऐन वेळी आचारी आला नाही, आणि शिवदासची बायको शकु रिकाम्या टोपापुढे कपाळाला हात लावून उभी राहिली. गुणाजी तेव्हा गावच्या मंडळाचं जेवण रांधायचा. गॅलरीतून हे बघून तो खाली उतरला आणि शर्टाच्या बाह्या सारून कामाला लागला. खीर अशी जमली की पुढच्या वर्षी आचाऱ्याला कुणी विचारलंच नाही. गावाहून त्याने फणसाच्या लाकडाचं, होडीच्या वल्ह्याएवढं लांब उलथणं करून आणलं. ते वर्षभर माळ्यावर असायचं आणि त्या एका दिवशी खाली यायचं. गुणाजी त्यासाठी पांढरा शर्ट इस्त्री करून ठेवायचा. बदल्यात मंडळाच्या कबड्डीला पंच कायम शिवदास. त्याचा निकाल पटला नाही तरी कुणी बोलायचं नाही.

ते सगळं गुणाजी एका वाक्यात घालवून बसला होता.

दोन संध्याकाळी बाकडं रिकामं राहिलं. रविवारी सकाळी गुणाजी घरात खाली पाटावर बसला होता, आणि त्याची बायको सुगंधा मागे खुर्चीवर बसून त्याच्या डोक्याला खोबरेल चोळत होती. केस उरले नव्हते, पण उन्हाळ्यात डोक्याला थंडावा हवा म्हणून हा रविवारचा रिवाज चालू होता. गुणाजीने मनाच्या समाधानासाठी नंदकिशोरचा तोच व्हिडिओ लावला. ढोल वाजत होते. वरून, कुठल्यातरी उंच जागेवरून घेतलेलं चित्र. पांढऱ्या कपड्यांची रांग. मग एका माणसाच्या डोक्याभोवती लाल वर्तुळ आलं आणि नंदकिशोर गरजला, "हा बघा. हा साधा कार्यकर्ता. नाव नको, पद नको. वर्षानुवर्षं पक्षासाठी उन्हात उभा आहे."

सुगंधाचा हात थांबला.

"परत लावा बघू."

"तुला कधीपासून राजकारण आवडायला लागलं?"

"लावा म्हणतंय ना."

त्याने परत लावला. लाल वर्तुळ आलं तसं तिने तेलाचं बोट थेट काचेवर टेकवलं.

"अवो, ह्यां टक्कल तुमचां."

"काहीतरी बोलू नको."

"काहीतरी कशाला? जांभळीवरून पडलात तेव्हाची खोक बघा, उजव्या अंगाला. वर हा चामखीळ. इतकी वर्षां तेल घालतंय ह्या डोक्याक. माका नाय कळणार तर कोणाक?"

गुणाजीने आपल्या डोक्यावरून हात फिरवला. खोक उजवीकडेच होती. आता बघा, माणूस आरशात तोंड पाहतो, फार तर कानशिलं पाहतो. स्वतःचं टक्कल वरून कसं दिसतं हे त्याला आयुष्यात कधी कळत नाही. गुणाजीने तो व्हिडिओ कितीदा पाहिला होता, त्या कार्यकर्त्याबद्दल त्याला आदरही वाटला होता, पण ओळख पटायला सोय नव्हती.

"आणि ही अबोली रंगाची साडी माझी," सुगंधा म्हणाली. "सगळ्या पांढऱ्यांत मी एकटी रंगीत. ही शकुवहिनी डाव घेऊन. आणि तुमच्या हातात तां उलाथणा. गेल्या वर्षी शिवदासभावोजींच्या तेजलने गच्चीवरून शूटिंग केलेलां, विसरलात? तिने नेटवर टाकलेलां."

गुणाजीने डोळे बारीक केले. मांडवाचं टोक, विहाराच्या पायऱ्या, कोपऱ्यात शिवदासची स्कूटर. एकदा दिसायला लागल्यावर दिसेनासं करता येईना. वरचा निळा झेंडा आणि बुद्धाची तसबीर तेवढी कापून टाकलेली होती.

"कुणीतरी नंदकिशोरला चुकीची क्लिप दिली असणार," तो म्हणाला.

"मग त्याने तुमका फोन करून विचारूचा होता, कार्यकर्ते कधीपासून झालात म्हणान."

गुणाजीने व्हिडिओ बंद केला. पण त्याच वेळी दुसरी एक गोष्ट ध्यानात आली आणि तो पाटावरच ताठ झाला. शिवदास काय म्हणाला होता? टेम्पोत भरून आणलेली. एक वेळचं खायला घातलं की येतात. म्हणजे शिवदासने स्वतःच्याच खिरीच्या रांगेला शिवी दिली होती. हा तर हुकमाचा एक्का. डोक्यावरचं तेल न पुसता त्याने शर्ट चढवला आणि निघाला.

जिन्यात मधल्या वळणावर त्याचे पाय मंदावले. वाट्या घेऊन उभी असलेली माणसं. रंग उडालेले कपडे. बाया, म्हातारी माणसं. हे त्याने कुठे ऐकलं होतं?

त्याने इकडेतिकडे पाहिलं. कुणी नव्हतं. मग चोरून विडी ओढणाऱ्या पोरासारखं भिंतीकडे तोंड करून त्याने आयुष्यात पहिल्यांदा सुलक्षणाताईंचं चॅनेल उघडलं. फार शोधावं लागलं नाही. तीच गच्ची, तीच रांग, ढोलाऐवजी बासरी. इथेही लाल वर्तुळ होतं आणि त्याच डोक्याभोवती होतं.

"या वृद्धाकडे पाहा," सुलक्षणाताई हळू आवाजात म्हणाल्या. "त्याची झुकलेली मान पाहा. किती दिवसांचा उपाशी असेल तो? मी फक्त प्रश्न विचारते आहे."

गुणाजीची मान टोपातली खीर तळाला लागू नये म्हणून झुकली होती. त्या दिवशी त्याने सकाळी घावणे खाल्ले होते आणि दुपारी सुगंधाने सुंगटाचं, म्हणजे कोलंबीचं, कालवण केलं होतं.

हुकमाचा एक्का हातातून गळून पडला. शिवदास न कळता बोलला म्हणावं, तर फुकटे म्हणणारा गुणाजीही न कळताच बोलला होता. पण नंतरचं? शिवदासने विहाराची रांग नाव घेऊन सांगितली, आणि तरी तो "असतील थोडे" म्हणाला. ते काही कुठल्या व्हिडिओत नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं.

तो परत वर आला. निदान एक बाजू तरी सरळ करावी म्हणून त्याने दोन्ही व्हिडिओंखाली एकच मजकूर घातला. टाइप करायला वेळ लागला, पण स्वच्छ लिहिलं. "लाल वर्तुळातला माणूस मी आहे. ही विक्रोळीतली बुद्धपौर्णिमेची खीर आहे. मी ती ढवळत आहे. कृपया दुरुस्ती करावी."

उत्तरं भराभर आली. नंदकिशोरच्या बाजूने कुणी लिहिलं, "विरोधकांनी किती दिले काका?" दुसऱ्याने विचारलं, "टक्कल तर कुणाचंही असू शकतं, पुरावा काय?" सुलक्षणाताईंच्या बाजूने आलं, "आला सरकारचा पगारी. तुमचं पोट भरलंय, गरिबाची भूक कशी दिसणार?" गुणाजी वाचत राहिला. यातली बरीच वाक्यं त्याने स्वतः कधी ना कधी दुसऱ्यांना लिहिली होती, शब्दसुद्धा बदलायची गरज नव्हती. एका दुपारीत तो दोन्ही बाजूंचा पगारी ठरला, आणि पगार कुठूनच आला नाही. जेवणं होईपर्यंत दोन्हीकडून त्याचा मजकूर पुसला गेला होता.

"बोलणं संपलं?" सुगंधाने विचारलं.

"त्यांच्याशी संपलं," गुणाजी म्हणाला.

पौर्णिमेच्या सकाळी लाउडस्पीकरवर वंदना सुरू झाली तेव्हा तो गॅलरीत उभा होता. खाली मांडवात दोन टोप. एकाखाली भट्टी पेटलेली, आणि त्यावर शिवदासचा मुलगा मिथुन लोखंडी झाऱ्याने खीर ढवळत होता. ढवळत म्हणजे काय, वरवर फिरवत होता. तळाला झारा पोचत नव्हता हे तिसऱ्या मजल्यावरून दिसत होतं. थोड्या वेळाने तसा वासही आला.

गुणाजीने पांढरा शर्ट घातला. माळ्याकडे पाहिलं, पण उलथणं काढलं नाही. मोरीच्या कट्ट्यावरून एक वाटी घेतली.

"ही कशाला?" सुगंधा म्हणाली.

"खिरीला."

"तुमका टोपाकडचीच मिळता दरवर्षी."

"या वर्षी रांगेतली खातो," तो म्हणाला.

रांग विहाराच्या कोपऱ्यापर्यंत गेली होती. गुणाजी शेवटी उभा राहिला. पुढे उभ्या असलेल्या शेजारच्या नीलमने मागे वळून पाहिलं, ती चकितच झाली. "काका, तुम्ही इथे? टोपाजवळ कोण मग?" तो हसला फक्त. उन्हात उभं राहिल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की इतकी वर्षं तो टोपाच्या त्या बाजूला असायचा, या बाजूला कधीच आला नव्हता. पुढे टेलरिंगवाले धोंडिराम होते. त्यांच्या दोन गाड्या होत्या. त्यांच्या पुढे कचरा वेचणारी बाई आपल्या पोरीला घेऊन, तिच्या पुढे बँकेतले राजाराम सपत्नीक. सगळ्यांच्या हातात वाट्या, आणि सगळे एकमेकांना विचारत होते, वास कसला येतोय?

रांग सरकत सरकत पुढे आली. डाव शिवदासच्या हातात होता. मान वर न करता तो वाढत होता, आणि गुणाजीची वाटी पुढे आली तशी त्याने त्यातही डाव रिकामा केला. मग हात ओळखला.

"रांगेत काय करतोयस?"

"फुकटा आहे ना मी," गुणाजी म्हणाला. "तुझी बाई तर म्हणते, बरेच दिवस उपाशी आहे."

"कोण बाई?"

"सुलक्षणा. लाल वर्तुळात मी आहे, शिवा. बघ."

"मी त्या नंदकिशोरचं तोंड बघत नाही."

"त्याचं नको बघू. तिचंच बघ. फक्त माझ्या टकलाजवळ उभा राहून बघ."

त्याने फोन समोर धरला आणि डोकं खाली वाकवलं. शिवदासने एक डोळा फोनवर ठेवला, एक टकलावर. खोक. चामखीळ. शकु डाव घेऊन. कोपऱ्यातली स्कूटर आपली, हेही त्याला दिसलं असावं, कारण त्याच्या हातातला डाव खाली आला.

"ही आपली खीर आहे," तो म्हणाला.

"आणि हा नंदकिशोर. ऐकू नकोस हवं तर, नुसतं बघ."

तीच रांग, तेच वर्तुळ. शिवदासने दोन्ही परत एकदा पाहिले. मागाहून रांगेत लागलेलं कुणीतरी ओरडलं, "अहो, पुढे सरका की, इथे डोकं तापलंय."

"सुलक्षणाताईंना कुणीतरी चुकीची क्लिप दिली असेल," शिवदास म्हणाला.

"मी पण घरी हेच म्हटलं. नंदकिशोरबद्दल."

शिवदासच्या मिशीखाली काहीतरी हललं, पण त्याने ते आवरलं. "ते जाऊ दे. टेम्पोतली माणसं मी पण म्हटलं, कुणाला ते न बघता. पण तू आपल्या रांगेला म्हणालास, गुण्या. नाव घेतल्यावर."

"म्हणालो," गुणाजी म्हणाला. "ते क्लिपवर ढकलता येत नाही मला. म्हणून रांगेत उभा राहिलो. चुकलो मी."

शिवदासने त्याच्याकडे पाहिलं. मग वाटीकडे पाहिलं.

"खाऊन बघ," तो म्हणाला.

गुणाजीने बोटाने एक घास घेतला. खाल्ला. चेहरा स्थिर ठेवण्याचा त्याने फार प्रयत्न केला.

"कशी आहे?"

"मला विचारू नकोस. मी दोन्ही बाजूंचा पगारी आहे."

"खरं सांग."

"करपलीय, शिवा."

इतका वेळ शेजारी उभी असलेली शकु आता हसत सुटली. "मी सकाळपासून तेच सांगतेय, भावोजी. यांना पटत नव्हतं. म्हणे, मिथुनने केलीय, चांगलीच असणार." मग तिने वर तोंड करून तिसऱ्या मजल्याकडे हाक दिली, "सुगंधावहिनी, ते उलथणं टाका माळ्यावरून. दुसरा टोप चढवायचाय."

सुगंधाला टाकायची गरज नव्हती. ती अबोली साडी नेसून, उलथणं खांद्यावर घेऊन जिन्यातून उतरतच होती.

दुसऱ्या टोपात दूध तापायला लागलं. गुणाजीने बाह्या सारल्या. शिवदासने डाव मिथुनच्या हातात दिला आणि वेलचीची पुडी फोडत जवळ येऊन उभा राहिला, गुणाजीच्या उजव्या बाजूला.

"आजपासून एक नियम बदलायचा," तो म्हणाला. "आधी फोन दाखवायचा. मग भांडायचं."

"नंदकिशोरचं तोंड बघवेल तुला?"

"आवाज बंद करून."

"मग मी पण तिला बासरी काढून ऐकेन."

तेवढ्यात वरून कुणीतरी हाक मारली. गच्चीच्या कठड्यावर तेजल ओणवी झाली होती, हातात फोन. "बाबा, काका, या वर्षीचं घेतेय."

"थांब, झेंडा येतोय का बघ," शिवदास ओरडला. "तसबीर पण घे. आणि विक्रोळी म्हणून मोठ्याने बोल."

"आणि तोंड येऊ दे," गुणाजी म्हणाला. त्याने मान मागे टाकून सरळ वर पाहिलं. शिवदासनेही पाहिलं. दोघं डोळ्यांवर ऊन घेत, दात दाखवत, कुठल्याही वर्तुळात बसणार नाही इतकं रुंद हसत गच्चीकडे बघत राहिले.

"अवो," सुगंधा म्हणाली, "खाली बघा. खीर लागता."